देव माझा मेंढपाळ आहे, तर या संकटातून तो मला कुठे नेतोय?

प्रभूमध्ये सलाम. तुमची नोकरी गेली, त्यातच वडिलांचं आजारपण, आणि रोज प्रार्थना करूनही पुढचं काही दिसत नाही. मेंढपाळ हिरव्या कुरणाऐवजी इकडे का घेऊन आला, की आपलीच वाट चुकली, असं तुम्ही विचारलंय.

आधी या शेवटच्या शंकेबद्दल लिहिते, कारण संकटापेक्षा तीच माणसाला जास्त पोखरते. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे, उघडून नुसता क्रम पाहा. तिसऱ्या वचनात तो आपल्याला नीतिमार्गाने चालवतो आणि चौथ्यात लगेच मृत्युच्छायेची दरी येते. मेंढरू भरकटल्याचा मध्ये कुठे उल्लेख नाही. मेंढपाळ ज्या वाटेने नेतोय, त्याच वाटेवर ती दरी आहे. स्तोत्रकर्ता दावीद स्वतः बेथलेहेमच्या डोंगरांत मेंढरं राखलेला माणूस, त्याला हे ठाऊक होतं. आपल्याकडेही दिवाळीनंतर धनगरांचे वाडे देशावरून कोकणात उतरतात, ते चाऱ्यासाठीच, आणि वाटेत घाट असतोच. 'काहीतरी पाप घडलं असेल' असं म्हणणारे चर्चच्या मंडळीतही भेटतील. बायबलमध्ये सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र हेच म्हणत होते आणि देवाचा राग शेवटी त्या मित्रांवरच झाला.

माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा मला हे स्तोत्र धड म्हणताही येईना. 'मला काही उणे पडणार नाही' इथेच गळा दाटायचा, कारण उणं तर डोळ्यांसमोर होतं. तेव्हा मला आधार दिला तो त्याच्या आधीच्या, बाविसाव्या स्तोत्राने. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' अशी त्याची सुरुवात आहे, आणि प्रभू येशूने वधस्तंभावर हेच शब्द उच्चारले. 'मी उत्तम मेंढपाळ आहे' असं ज्याने सांगितलं, तो स्वतः त्या दरीत उतरला होता. म्हणून रडून, भांडून केलेली प्रार्थना अविश्वासाची नसते. तुम्ही अजून त्याच्याशीच बोलताय, हाच विश्वास आहे.

मला या बाबतीत पंडिता रमाबाईंची फार आठवण येते. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती, आणि पदरात लहानगी मनोरमा. ख्रिस्ती विश्वास त्यांनी त्यानंतर, 1883 मध्ये स्वीकारला. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना केडगावला घेऊन आल्या. उपास म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. देवाने या कामासाठी त्यांचं घर उजाडलं असं मी कधीच म्हणणार नाही, असं बोलणं मला क्रूर वाटतं. पण त्या उजाड वाटेवरूनही त्याने त्यांना नेलं, हे मात्र खरं. विश्वास धरल्यावरही दरी संपली नाही: केडगावच्या त्यांच्या 'मुक्ती' आश्रमाचा कारभार जिने सांभाळायचा ती मनोरमा 1921 मध्ये वारली. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर तरीही हातचं सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या.

आता मार्गदर्शनाचं. मेंढराला सगळी वाट दाखवली जात नाही, त्याला हाक ऐकू येते तेवढं पुरतं. इस्राएल लोकांना रानात मान्नाही, म्हणजे देवाने दिलेलं अन्नही, त्या दिवसापुरताच मिळायचा. म्हणून सहा महिन्यांनी काय, हे आज उलगडत नाही म्हणून घाबरू नका. आजचं जे स्पष्ट आहे ते करा: वडिलांची औषधं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, एखादा अर्ज. देवावर भरवसा आहे म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नसतं. आणि एकट्याने झुंजू नका. पाळकांना घरी बोलवा, वडिलांसाठी प्रार्थना करायला सांगा. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं असं स्पष्ट लिहिलंय. पैशांची अडचण असेल तर तीही त्यांना सांगा, लाजू नका.

प्रार्थनेला शब्दच सुचत नसतील तर तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्यातच 'कोठवर?' असा सरळ सवाल आहे. आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत, नाव न घेता, तुमच्या वडिलांसाठी मी विनंती ठेवते.