टाकीत पेट्रोल होतं म्हणे, तरी दुसरा नंबर काहून गेला?

प्रश्न : भाऊ, नमस्कार. आमच्या इकडे शंकरपट (बैलांची शर्यत) संपला का रात्री आम्ही पोट्टे मोबाईलवर जुन्या रेसा पाहत बसतो. २०२१ च्या हंगेरीच्या फॉर्म्युला वन कार रेसमधे ड्रायव्हर सेबास्टियन वेटेल दुसरा आला अन् मंग त्याले बादच करून टाकलं, काहून त टाकीतून सँपलपुरतं पेट्रोल निघालं नाही. भेसळ सापडली नाही, काही नाही, मंग एवढी मोठी शिक्षा काहून?
– एक वाचक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, त्या दिवशी मलेही लय वाईट वाटलं होतं. नियम असा आहे का रेसनंतर मागितलं का गाडीतून १ लीटर पेट्रोल निघालंच पाहिजे, अन् वेटेलच्या ॲस्टन मार्टिनमधून निघालं फक्त ०.३ लीटर. टीम म्हणे आमच्या हिशेबानं टाकीत लीटरच्या वर आहे. नंतर त्यांनीच डेटा तपासला तेव्हा समजलं का इंधनाच्या सिस्टिममधे बिघाड झाला होता अन् पेट्रोल बाहेर निघून गेलं. म्हणजे लबाडी कोणाचीच नाही. तरी फेरविचाराचा अर्ज फेटाळला, काहून का नियमात कारणाले जागाच नाही, पेट्रोल निघालं का नाही एवढंच पाहतात. १८ पॉइंट गेले.

मले विचाराल त नियम बरोबर आहे. हे १ लीटर मोजायसाठी नाही, तपासायसाठी लागते. टीमले आपल्या पेट्रोलचं सँपल आधी देऊन मंजूर करून घ्यावं लागते, मंग रेसच्या ठिकाणी गाडीतून काढलेलं पेट्रोल गॅस क्रोमॅटोग्राफीच्या मशिनीत घालतात, तिथं त्यातले सगळे घटक वेगवेगळे होऊन अंगठ्यासारखा ठसा उमटते अन् तो मंजूर ठशाशी जुळवतात. आता "बिघाड झाला" हे कारण एकदा मानलं, त उद्या ज्यानं खरंच काही मिसळलं तोही टाकी कोरडी करूनच येईन, मंग पकडाल कसं?

अन् टाकीत पेट्रोल एवढं मोजकंच काहून ठेवतात? वजन. १० किलो पेट्रोल जास्त असलं का एका फेरीले साधारण ०.३ सेकंद जातात, म्हणून लागते तेवढंच भरतात.

ठसा जुळला नाही त काय होते हे १९९५ च्या ब्राझीलच्या रेसमधे दिसलं. शूमाकर पहिला, कूल्टहार्ड दुसरा, अन् दोघांचंही पेट्रोल आधी दिलेल्या सँपलशी जुळेना, दोघंही बाद. अपिलात ड्रायव्हरचे पॉइंट परत भेटले पण टीमचे नाही भेटले. मले हा निकाल पटते, ड्रायव्हर थोडीच पेट्रोल बनवते.

हे सगळं मले एवढं लागते त्याचं कारण माझ्याच वावरात घडलं. मागच्या पावसाळ्यात सोयाबीनवर फवारणी चालू होती अन् पेट्रोलचा फवारणी पंप मधातच बंद पडला, मिस्तरीनं कार्बोरेटर खोललं त पाणी निघालं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढते अन् जास्त झालं का ते खाली बसते, हे मले माहीत होतं. पण जिथून आणलं तिथं गेलो तेव्हा कॅन रिकामी होती, मिस्तरीनंही उरलेलं फेकून दिलं होतं. दाखवू काय? दोन दिवस गेले, गोष्ट तिथंच संपली.

म्हणून भाऊ, तुम्ही पेट्रोल पंपावर शंका आली त भरायच्या आधीच फिल्टर पेपर मागा, तो फुकट द्यावा लागते. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका, दोनेक मिनिटात उडून गेला अन् डाग राहिला नाही त ठीक. पेट्रोलची डेन्सिटी (घनता) मोजून मागता येते, माप कमी वाटलं त ५ लीटरचं माप लावून मागता येते. अन् मशीन बंद पडली त मिस्तरीले आधीच सांगून ठेवा का टाकीतलं पेट्रोल फेकू नको.