सुताचा भाव आणि उडालेली झोप
प्रश्न: आमचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे, सुताचा भाव सारखा वर-खाली, उधारी अडकलेली, त्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, काय करू? – एक भगिनी, सोलापूर

उत्तर: ताई, सुताचा भाव आणि उजनी धरणाचं पाणी तुमच्या हातात नाही, त्यावर रात्रभर डोकं चालवून काही हलणार नाही. पण कुणाकडे किती अडकलंय ते आजच वहीत लिहा, सगळ्यात मोठ्या व्यापाऱ्याला सकाळीच फोन लावा आणि नवीन सूत ऑर्डर पक्की झाल्यावरच उचला, हे तर हातात आहे ना. झोपताना भावाचे मेसेज बघू नका, प्लीज. श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा जास्त वेळ लावून, धडधड खरंच कमी होते. तरीही झोप येईना तर डॉक्टरांना दाखवा, नाहीतर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, फुकट आहे.