खान्देशात राहून ट्राउटची फ्लाय फिशिंग शिकता येईल का? नदीतला आणि तळ्यातला ट्राउट वेगळा वागतो का?

राम राम भाऊ. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. तापी-गिरणेत किंवा तोरणमाळच्या तलावात ट्राउट आहे का, एप्रिलमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर जायच्या आधी जळगावातच सराव होईल का, आणि नदीत व तळ्यात हा मासा कसा वागतो. फ्लाय फिशिंग म्हणजे गळाला कीटकासारखी दिसणारी नकली माशी (फ्लाय) बांधून मासा धरणं. आजवर तुम्ही फक्त गांडूळ आणि कणकेच्या गोळीवर गळ टाकलाय, हेही लिहिलंय. ते बरंच आहे, कारण पाण्याकाठी शांत बसायची सवय तुम्हाला आधीच आहे.

आपल्याकडे ट्राउट नाही आणि होणारही नाही. त्याला थंड पाणी लागतं. साधारण 10 ते 16 अंशांच्या पाण्यात तो भरपूर खातो, 20 च्या वर मलूल होतो आणि 25 च्या आसपास त्याच्या जिवावर बेततं. मूळ अडचण प्राणवायूची. 10 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना तो साडेसातवर येतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 44-45 वर गेला की तापीचं उथळ पाणी हाताला चक्क कोमट लागतं. तोरणमाळ थंड हवेचं ठिकाण खरं, पण उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास. निलगिरीत ट्राउट तगला तो दोन हजार मीटरवरच्या ओढ्यांत आणि तलावांत. तसा तो भारतातला मूळचा नाहीच. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास त्याची अंडी काश्मिरात आणली आणि पुढे काही वर्षांत तो कुल्लूकडच्या नद्यांत सोडला.

आता वागण्याचं, कारण माझ्या मते फ्लाय फिशिंगचं अर्धं शिक्षण इथेच आहे. नदीतला ट्राउट एक जागा धरून राहतो आणि खाणं प्रवाहाबरोबर त्याच्यापर्यंत येतं. तळ्यात वाहतं पाणी नाही, म्हणून खाण्यामागे त्यालाच फिरावं लागतं. फेक, उभं राहायची जागा, माशी ओढायची गती, सगळं यावरून ठरतं.

नदीत त्याचं तोंड नेहमी प्रवाहाकडे असतं. जोराच्या धारेत तो उभा राहत नाही, ताकद फुकट जाते. मोठ्या दगडाच्या पुढेमागे पाणी मंदावतं तिथे, काठाखालच्या पोकळीत, डोहाच्या तोंडाशी, किंवा वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं त्या रेषेवर तो थांबतो. ती रेषा ओळखायला सोपी आहे: फेसाचे बुडबुडे एका ओळीत तिथूनच वाहत जातात, आणि कीटकही त्याच वाटेने जातात. दगडामागे पाच मिनिटं नजर रोवून पाहा. आधी काहीच दिसणार नाही, मग करड्या तळावर एक शेपटी हलताना दिसेल, मासा वीतभर बाजूला सरकेल, काहीतरी टिपेल आणि पुन्हा जागेवर येईल. तेवढ्यासाठी तो चार हात लांब जाणार नाही. त्यामुळे तुमची माशी त्याच्या वाटेवर, तीही पाण्याच्याच वेगाने आली पाहिजे. दोरीला मधल्या जोरदार धारेने ओढलं की माशी पाण्यावर रेघ मारत पळते आणि मासा तोंड फिरवतो. म्हणून दोरी पाण्यावर पडताच तिची कमान प्रवाहाच्या वरच्या अंगाला उचलून टाकायची. याला मेंडिंग म्हणतात, आणि माझ्या लेखी लांब फेकीपेक्षा ते दहापट महत्त्वाचं आहे.

आणखी एक. पाण्याखालून माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या गोल खिडकीतून दिसतं, तिचा कोन साधारण 97 अंशांचा. मासा जितका खोल, तितकी ती खिडकी मोठी. काठालगतचं ठेंगणं काही त्याला नीट दिसत नाही, उभा माणूस मात्र दिसतो. मागचंही फारसं दिसत नाही. म्हणून प्रवाहाच्या खालच्या अंगाने, वाकून, पाय न आपटता जायचं. पावलांचा हादरा त्याच्या अंगावरच्या संवेदन-रेषेला लगेच कळतो. गिरणेकाठची जुनी भोई मंडळी आपली सावली पाण्यावर पडू देत नाहीत. ही शिस्त तीर्थनला जशीच्या तशी कामी येते.

तळ्यात मासा काठाच्या उथळ पट्ट्याने, पाणवनस्पतींच्या कडेने, जिथे तळ एकदम खोल जातो त्या धारेने फेऱ्या मारतो. ओढा येऊन मिळतो तिथे हमखास. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाशी कीटक साचतात, म्हणून तोंडावर वारा घेऊन फेकायची तयारी ठेवा. मासा दिसलाच तर त्याच्या अंगावर फेकू नका, तो ज्या दिशेने चाललाय तिकडे बरंच पुढे टाका, बुडू द्या आणि बोटांनी दोरी हळूहळू गोळा करा. ऊन चढलं की तो खोल थंड पाण्यात उतरतो, म्हणून पहाट आणि तिन्हीसांज धरा.

सरावाला आपला भाग उत्तम आहे. फ्लायला वजन नसतं, वजन असतं जाड दोरीला. तीच फेकायची असते. काठी मागे नेऊन झटक्यात थांबवायची, दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत वाट पाहायची, मग पुढे. ती वाट पाहणं जमलं की बाकीचं जमतं. सुरुवात हिरवळीवर करा, गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधा. मुरमाड मैदानावर नको, दोरीचं आवरण खरवडून जातं. रोल कास्ट (दोरी मागे न उडवता पुढे लोळवत टाकायची फेक) मात्र पाण्यावरच शिका, दोरीला पाण्याची पकड लागते. मेहरूण तलावाचा काठ त्याला पुरेसा आहे. तीर्थनकाठी मागे झाडं असतात तिथे हीच फेक लागते.

मेंडिंगसाठी पावसाळ्यानंतरची वाहती तापी घ्या, पण हतनूर धरणाच्या खाली असाल तर धरणातून पाणी सुटण्याचा इशारा ऐकल्याशिवाय पात्रात उतरू नका. तिलापी छोट्या निम्फवर (पाण्यातल्या अळीसारख्या, बुडणाऱ्या नकली माशीवर) येतो, मरळ तरंगत्या मोठ्या माशीवर झेप घेतो. धरणांचे जलाशय सहसा मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा आधी त्यांना विचारा. आणि पावसाळ्यात पाण्यावर पिल्लांचा लालसर पुंजका दिसला तर तिथे गळ टाकूच नका. खाली मरळीची जोडी राखण करत असते. ती उचलली की पुंजका दिवसभरात इतर माशांच्या पोटात जातो.

सामान एकदाच घ्या: 9 फुटी, 5 नंबरची काठी, त्याच नंबरची तरंगती दोरी, 9 फुटांचा लीडर (दोरी आणि माशी यांच्यामधला बारीक पारदर्शक धागा). गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका आणि मासा धरण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते आणि परवाना तिथल्या मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. जुलै-ऑगस्टात पाणी गढूळ असतं, त्यामुळे तुम्ही ठरवलेला एप्रिल योग्यच आहे.