एम.ए.च्या डिसर्टेशनसाठी ‘समकालीन ब्रिटिश कादंबरी आणि आयडेंटिटी’ हा विषय घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करू?

थिअरीपासून करू नका, एवढं आधी सांगतो. मी अशी डिसर्टेशन्स तपासतो. होमी भाभा (अणुशास्त्रज्ञ नव्हे, साहित्य-संस्कृतीचे सिद्धांतकार) मूळचे मुंबईचे म्हणून की काय, पहिल्याच पानावर त्यांची ‘हायब्रिडिटी’, म्हणजे संस्कृतींच्या सरमिसळीची कल्पना, हजर असते आणि कादंबरी उगवते थेट तिसऱ्या प्रकरणात.

अँड्रिया लेव्ही यांची ‘स्मॉल आयलंड’ (2004) घ्या. काळ मुख्यतः 1948चा, निवेदक चार: जमैकाहून लंडनला आलेले गिल्बर्ट आणि हॉर्टेन्स, त्यांची गोरी घरमालकीण क्वीनी आणि तिचा नवरा बर्नार्ड. हॉर्टेन्स शिक्षिका आहे. आपलं इंग्रजी अस्सल, या तोऱ्यात ती लंडनला उतरते आणि टॅक्सीवाल्याला तिचं बोलणंच समजत नाही. पुढे शाळेत नोकरी मागायला जाते, तर जमैकातलं प्रशिक्षण तिथे चालत नाही. तिचा सगळा पेच त्या नटूनथटून बोललेल्या वाक्यांत आहे. तेव्हा ‘कादंबरी काय सांगते’ यापेक्षा ‘कोण, कोणत्या भाषेत सांगतंय’ याच्या नोंदी करा. सोबत कायदाही वाचा. 1948च्या कायद्याने वसाहतींतल्या लोकांना ब्रिटनच्या लोकांबरोबर एकच नागरिकत्व दिलं. 1962च्या कायद्याने त्यांच्या येण्यावर बंधनं आणली. या दोन तारखांमुळे गिल्बर्टचा संताप वेगळा वाचता येतो. तो महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात होता, हे विसरू नका.

दुसरी कादंबरी मात्र स्थलांतरितांची नको. आयडेंटिटी म्हणजे फक्त काळ्या-सावळ्या माणसांची भानगड, हा समज आपल्याकडच्या अभ्यासक्रमांनी उगाच पक्का केलाय. काझुओ इशिगुरो यांची ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (1989) बघा. लेखक नागासाकीत जन्मलेला, आणि निवेदक बटलर स्टीव्हन्स, ज्याच्याहून इंग्रज माणूस सापडायचा नाही! नाझींशी सलगी केलेल्या आपल्या दिवंगत मालकाकडे नोकरी केल्याचंच तो एका प्रसंगी नाकारतो, आणि मग त्याचं समर्थन देत बसतो. एक आख्खं प्रकरण या एका नकारावर उभं राहील.

दोन कादंबऱ्या पुरेत. गाइडने तिसरी घालाच म्हटलं तर बर्नार्डिन एव्हारिस्टो यांची ‘गर्ल, वूमन, अदर’ (2019) घ्या. पण तिच्यात बारा मुख्य पात्रं आहेत आणि पूर्णविराम अगदी मोजके, त्यामुळे ती सबमिशनच्या महिन्यावर ठेवू नका.