डिंगलला पावसाळा कधी असतो?

प्रश्न : ताई, मुलगी-जावई डब्लिनला असतात, आम्ही दोघं पहिल्यांदाच चाललोय. मुलगी म्हणते डिंगल नावाचं समुद्राकाठचं गाव आहे, ते बघायचंच. पण कधी, यावर घरात रोज वाद. ह्यांचं म्हणणं की दिवाळीला मुलीकडे जाऊ आणि तेव्हाच डिंगल करू, तोपर्यंत तिकडचा पावसाळा संपलेला असेल. तर तिथे पावसाळा नक्की कधी असतो? ह्यांचे गुडघे दुखतात आणि आम्ही शाकाहारी आहोत, तेही लक्षात घेऊन सांगा. शिवाय तिथे एक डॉल्फिन येतो म्हणे, तो कोणत्या महिन्यात दिसतो? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काकू म्हणते, चालेल ना? काकांच्या हिशोबात थोडा घोळ आहे. तिथे पावसाळा सुरूही होत नाही आणि संपतही नाही, आपला श्रावण बाराही महिने चालू आहे असं धरा, फक्त गार वारा घातलेला. डिंगल हे आयर्लंडमधल्या केरी परगण्यातल्या एका चिंचोळ्या द्वीपकल्पावर आहे, पश्चिमेला थेट अमेरिकेपर्यंत नुसता अटलांटिक, आणि गावाच्या उत्तरेला ब्रँडन नावाचा ९५२ मीटरचा डोंगर. म्हणजे आपल्या घाटमाथ्याचंच गणित, समुद्रावरून आलेला ढग डोंगराला धडकतो आणि रिकामा होतो. खाडीपलीकडे व्हॅलेन्शिया नावाची वेधशाळा आहे, तिथे वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला जातो. मुंबईत चार महिन्यांत याहून कितीतरी जास्त कोसळतो, पण इथे तो वर्षभर थोडा थोडा पुरवून पुरवून पडतो. भुरभुर चालू असली की तिथली माणसं खुशाल ‘सॉफ्ट डे’ म्हणतात आणि कुत्र्याला फिरवायला बाहेर पडतात.

त्यातल्या त्यात कोरडे महिने म्हणजे एप्रिल, मे, जून. आणि सगळ्यात ओले ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे काकांनी नेमका उलटा मुहूर्त काढलाय 😄

पण खरं सांगू का, मी लिमरिकला पाच वर्षं होते, डिंगलला प्रत्येक ऋतूत जाऊन आले, आणि माझं मत असं झालंय की तिथे पाऊस बघून महिना ठरवूच नये. पाऊस आला की पाच मिनिटं गाडीत बसा, जातो. बघायचं ते उजेड किती वेळ मिळतो, बोटी चालू आहेत का आणि गर्दी किती, एवढंच. आणि तिन्हींचा मेळ बसतो मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत सूर्य मावळत नाही, रात्रीचं जेवण उरकून समुद्रावर फेरी मारता येते. हवा पंधरा-सोळा डिग्री, फार तर अठरा, म्हणजे आपल्याला स्वेटर लागणार आणि तिथली पोरं हाफ पँटवर हिंडणार. कडेकपाऱ्यांवर गुलाबी फुलांचे गुच्छ फुललेले असतात, शेताच्या बांधांवर पिवळं धमक काटेरी झुडूप, कोकरं सगळीकडे. मे महिन्यात शाळा चालू असतात त्यामुळे रस्ते मोकळे. फक्त जूनचा पहिला सोमवार तिथे सुट्टीचा असतो, तो वीकेंड टाळा.

ऑगस्ट नको. हे मी पोळलेली बाई म्हणून सांगते. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारीही सुट्टी असते, आम्ही त्या वीकेंडला बुकिंग न करता गेलो, म्हटलं एवढंसं गाव, मिळेल कुठेतरी खोली. बारा-पंधरा घरांची दारं वाजवली असतील, एका आजीबाईंनी दारातूनच हात जोडल्यासारखं केलं, आणि रात्री अकराला आम्ही पन्नास किलोमीटर मागे ट्रॅलीला येऊन एका लॉजमध्ये झोपलो, तोही भिजक्या गालिच्याच्या वासाचा. शिवाय आयरिश भाषा शिकायला आलेली शाळकरी पोरं उन्हाळाभर त्या भागात असतात (हा गेलटाख्ट भाग, म्हणजे आयरिश बोलणाऱ्यांचा) आणि आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर रांग. एक मात्र कबूल करते, ऑगस्टमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुशियाच्या लाल लोलकांची कुंपणं असतात मैलोनमैल, आणि खाली केशरी फुलं. ते दुसऱ्या कुठल्या महिन्यात तसं दिसत नाही. पण तेवढ्यासाठी नको.

मे-जून जमत नसेल तर सप्टेंबर. समुद्र तेव्हा त्यातल्या त्यात कोमट, गर्दी ओसरलेली, आणि सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला गावात खाण्याचा मोठा उत्सव असतो. तो वीकेंड मात्र आधीच बुक करा.

आता बोटींचं. डिंगलला जाऊन ग्रेट ब्लास्केट बेट नुसतं लांबून बघून परत येणारे फार, आणि त्यातले बरेच चुकीच्या महिन्यामुळे. बोटी साधारण एप्रिल ते सप्टेंबर चालतात आणि त्या अडतात पावसाने नाही, लाटांनी. मी डनक्विनच्या (बेटाच्या बोटी सुटतात ते गाव) धक्क्यावर लख्ख उन्हात उभी होते, हातात तिकीट, आणि बोटवाला म्हणाला आज नाही. मला वाटलं आळशीपणा करतोय. मग त्याने बोट करून दाखवलं, धक्क्याच्या पायथ्याशी पाणी शांत दिसत होतं पण दर मिनिटाला एक लांबट फुगवटा यायचा आणि शेवटच्या दोन पायऱ्या गिळून परत जायचा, कुठे दूर अटलांटिकमध्ये वादळ झालेलं त्याचं हे उधाण. बेटावर धड धक्का नाही, छोट्या रबरी होडीत उतरून जायचं असतं, तिथे कोण उतरणार. त्या बेटावर माणसं राहायची ती याच कारणाने उठली, हवा बिघडली की आठवडेच्या आठवडे ना डॉक्टर ना टपाल, शेवटी उरलेल्या २२ जणांना १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने मुख्य भूमीवर आणलं. त्यांची दगडी घरं अजून तिथे आहेत, छपरं उडालेली.

म्हणून माझा आग्रह, एक रात्र राहून पळू नका, तीन रात्री तरी काढा, म्हणजे बोटीचा दिवस पुढेमागे सरकवता येतो. काकांच्या गुडघ्यांना ती होडी आणि डनक्विनचा उतार झेपणार नाही, नागमोडी सिमेंटची वाट आहे, उतरताना बरं वाटतं आणि चढताना देव आठवतो. तुम्ही आणि मुलगी बेटावर जा, काकांना डनक्विनच्याच ब्लास्केट सेंटरमध्ये बसवा, तिथे समोरच्या मोठ्या काचेतून अख्खं बेट दिसतं.

स्ली हेडचा रस्ता मात्र काका आरामात करतील, सुमारे ४७ किलोमीटरचा गोल फेरा आहे. जावयांना सांगा घड्याळाच्या दिशेनेच फिरायचं, मोठ्या बसेस तशाच जातात आणि रस्ता इतका अरुंद की समोरून बस आली तर रिव्हर्स घेत घेत रडू येतं. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे या दिशेने समुद्र डाव्या हाताला येतो, ती सीट काकांची.

खाण्याचं टेन्शन नका घेऊ. गाव मच्छीचं आहे खरं, पण भाजीचं सूप आणि ब्राऊन ब्रेड बहुतेक ठिकाणी मिळतं. सूप फिश स्टॉकमध्ये केलंय का एवढं विचारा. किचन असलेली खोली घेतली तर खिचडीचा प्रश्नच मिटला, भुरभुर पावसात खिडकीशी बसून तूप घालून खिचडी, अजून काय पाहिजे.

छत्री घरीच ठेवा. माझी पहिल्याच दिवशी उलटी झाली, काड्या एकीकडे कापड एकीकडे. टोपीवाला चांगला रेनकोट घ्या.

आणि डॉल्फिन. काकू, तो फंगी. १९८३ पासून एकटाच त्या बंदराच्या तोंडाशी राहायचा, होड्यांबरोबर शर्यत लावायचा, अख्ख्या गावाचा लाडका. ऑक्टोबर २०२० पासून तो कुणाला दिसलेला नाही. धक्क्याजवळ त्याचा ब्रॉन्झचा पुतळा आहे, मुलं त्याच्या पाठीवर चढून फोटो काढतात. समुद्रात इतर डॉल्फिन दिसतात कधी कधी, पण फंगीच्या नावाने तिकीट काढू नका.

प्रश्न : मी गॉलवेला मास्टर्स करतोय, बजेट टाइट आहे. ख्रिसमसच्या सुट्टीत डिंगल स्वस्तात होईल का? की डिसेंबर म्हणजे वेडेपणा? – एक विद्यार्थी

उत्तर : वेडेपणा नाही, पण बेट, बोटी सगळं विसर. साधारण पावणेनऊला उजाडतं, साडेचारला सूर्य गेलेला असतो, आणि बरेच बी अँड बी (न्याहारीसकट घरगुती खोल्या) बंद. थंडी मात्र घाबरण्यासारखी नसते, बर्फ क्वचितच, सहा-सात डिग्री आणि वारा. खरी अडचण म्हणजे २५ डिसेंबरला देशभर ट्रेन-बस पूर्ण बंद आणि २६ ला तुरळक. ट्रेन ट्रॅलीपर्यंतच जाते, पुढे बस, त्यामुळे २४ ला दुपारपर्यंत पोच आणि दोन दिवसांचं खाणं पिशवीत ने, २५ ला पबसुद्धा बंद असतात. एवढं का करायचं, तर २६ ला तिथे ‘रेन डे’ असतो, पावसाचा नाही, रेन नावाच्या चिमुकल्या पक्ष्याचा. गवताच्या पेंढ्यांचे पोशाख आणि तोंडावर मुखवटे घालून टोळ्याच्या टोळ्या ढोल-बासऱ्या वाजवत दिवसभर गावात फिरतात, आपल्या शिमग्याची आठवण येते अगदी. स्वस्तात फक्त शांत गाव हवं असेल तर मार्चअखेर जा.

प्रश्न : मेमध्ये युरोप टूर आहे, शेंगेन व्हिसा आहे. त्याच व्हिसावर तीन दिवस डिंगल करता येईल का?

उत्तर : नाही. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, वेगळा व्हिसा लागतो. भारतीयांच्या ब्रिटनच्या काही व्हिजिट व्हिसांवर ‘बीआयव्हीएस’ असा शेरा असतो, तो असेल तर आधी ब्रिटनमध्ये उतरून मग तिकडे जाता येतं. शेंगेनवर कुणी ‘चालतं हो’ म्हणालं तरी विमानात बसू नका.