रँक म्हणजे हुद्दा, दर्जा की क्रमांक?

प्रश्न : इंग्रजी बातम्यांचे मराठीत भाषांतर करण्याचे काम नुकतेच सुरू केले आहे. 'रँक' या शब्दापुढे कोशात रांग, हुद्दा, पद, दर्जा, श्रेणी, क्रमांक असे सगळे अर्थ एकापुढे एक दिलेले असतात. कुठे कोणता घ्यायचा, हे ठरवायचे कसे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : या सगळ्या अर्थांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे ओळ. इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला. त्याच्याही मागे जर्मन कुळातला एक शब्द आहे आणि 'रिंग' हा त्याचाच नातेवाईक. आधी सैनिकांची ओळ, मग त्या ओळीतली जागा, मग समाजातली किंवा सेवेतली जागा, असा अर्थ सरकत गेला. म्हणून वाक्य समोर आले की पहिला प्रश्न हा विचारावा : इथे ओळ अभिप्रेत आहे, पायरी अभिप्रेत आहे की क्रम?

ओळ असेल तर ती नेहमी आडवी, म्हणजे खांद्याला खांदा लावून उभी असलेली. एकामागे एक उभे राहिले की ती 'फाइल'. एनसीसीत तीन ओळींत उभे राहिलेल्या मुलांना हे चटकन कळते. 'खुली लाइन चल' म्हटले की पुढची ओळ पुढे जाते, मागची मागे सरकते, मधली जागेवर राहते. त्या तीन ओळी म्हणजे रँक, आणि पुढून मागे मोजलेली तीन माणसे म्हणजे एक फाइल. बुद्धिबळाच्या पटावरही हेच. आठ आडव्या ओळी रँक, आठ उभ्या ओळी फाइल. प्यादे आठव्या रँकवर पोचले की त्याचा वजीर होतो.

पायरी असेल तर मराठीत हुद्दा आणि दर्जा यांत फरक करावा लागतो. हुद्दा हा माणसाच्या सेवेतला टप्पा असतो, तर दर्जा बाहेरून बहाल केलेला असतो. एखाद्या महामंडळाच्या अध्यक्षांना 'राज्यमंत्रिपदाचा दर्जा' मिळतो. त्यामुळे ते मंत्री होत नाहीत, मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसत नाहीत, फक्त मानमरातब आणि सोयी त्या पायरीच्या मिळतात. तिथे 'राज्यमंत्र्याचा हुद्दा' लिहिले की बातमी चुकते.

हुद्दा आणि पद यांची गल्लत तर रोजची आहे. 'लष्करप्रमुख' हे पद आहे, ते सांभाळणाऱ्याचा हुद्दा 'जनरल'. 'कमांडिंग ऑफिसर' हे पद, पायदळाच्या पलटणीत ते सांभाळणाऱ्याचा हुद्दा सहसा 'कर्नल'. आपल्याकडे 'पोलीस आयुक्त' हे पद आहे. ते अपर पोलीस महासंचालक हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे असेल की विशेष पोलीस महानिरीक्षक हुद्द्याच्या, हे शहरागणिक बदलते. म्हणून 'आयुक्त हुद्द्याचा अधिकारी' असे लिहू नये.

क्रम असेल तर क्रमांक किंवा क्रमवारी. श्रेणी हा शब्द शक्यतो वेतनश्रेणी, अ-ब-क श्रेणी अशा गटांसाठी राखून ठेवावा. एका श्रेणीत अनेक जण बसतात, क्रमांक मात्र एकेकाचा असतो.

प्रश्न : 'क्लोज रँक्स', 'ब्रेक रँक्स', 'रँक अँड फाइल' हे राजकीय बातम्यांत सतत येतात. यांना मराठी काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : 'क्लोज रँक्स'साठी 'रांगा बंद केल्या' असे छापलेले आढळते, त्यातून काहीच बोध होत नाही. टीका होऊ लागताच सगळे एकमेकांना धरून उभे राहतात, हा त्याचा अर्थ. 'एकजूट दाखवली', 'नेत्याच्या पाठीशी उभे राहिले' असे सरळ लिहावे. 'ब्रेक रँक्स' म्हणजे पक्षाच्या भूमिकेविरुद्ध उघड बोलणे. पक्ष सोडणे नव्हे, ही चूक फार महागात पडते. 'रँक अँड फाइल' म्हणजे वर सांगितलेल्या आडव्या-उभ्या ओळींत उभी असलेली माणसे, म्हणून 'सामान्य कार्यकर्ते' किंवा संघटनेच्या बाबतीत 'सामान्य सभासद'. 'पुल रँक' म्हणजे हुद्द्याचा धाक दाखवून काम करून घेणे.

यात एक गोम आहे. 'रँक' म्हणजे वरची पायरी असे आपण धरून चालतो, पण अनेकवचनी 'द रँक्स' म्हणजे बरोबर उलट : हुद्दा नसलेले साधे शिपाई. भारतीय सेनेत 'अदर रँक्स' म्हणतात ते जवान ते हवालदार या गटाला. शिपाई म्हणून भरती होऊन पुढे अधिकारी झालेला तो 'रँकर'. महाराष्ट्र पोलीस दलात 'रँकर फौजदार' म्हणतात ते याच अर्थाने. खालून बढती घेत आलेला तो रँकर, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून थेट आलेला नव्हे. क्लासच्या जाहिरातींतला 'रँकर' मात्र पहिल्या काही क्रमांकांत आलेला विद्यार्थी असतो. दोन्ही शब्द मराठीत रुळले आहेत, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

प्रश्न : मेजर हा लेफ्टनंटपेक्षा मोठा, मग लेफ्टनंट जनरल हा मेजर जनरलपेक्षा मोठा कसा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : 'लेफ्टनंट' हा मूळचा फ्रेंच शब्द. दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा, असा त्याचा अर्थ. लेफ्टनंट जनरल हा जनरलच्या जागी उभा राहणारा, म्हणून थेट त्याच्या खालचा. मेजर जनरलमधला 'मेजर' आणि पलटणीतला मेजर यांची तुलना करून उपयोग नाही. तो हुद्दा इंग्लंडात पूर्वी 'सार्जंट मेजर जनरल' असा होता. पुढे त्यातला 'सार्जंट' गळला आणि हा घोळ कायमचा राहिला.

सेनेतली चढण अशी : लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, जनरल. खांद्यावरून ओळखायचे तर लेफ्टनंटला २ तारे, कॅप्टनला ३. मेजरला नुसते राष्ट्रीय चिन्ह, तारा नाही. तिथून पुन्हा चिन्हाबरोबर १, २, ३ तारे म्हणजे लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर. मेजर जनरलपासून पुढे आडवी तलवार आणि दंड यांची फुली येते. त्यामुळे तारे मोजून हुद्दा ठरवणारा फसतो. मेजरच्या खांद्यावर एकही तारा नसतो आणि तो तीन तारेवाल्या कॅप्टनचा वरिष्ठ असतो.

भाषांतरात सर्वांत जास्त चूक होते ती 'कॅप्टन'ची. नौदलातला कॅप्टन हा सेनेतल्या कर्नलच्या आणि हवाई दलातल्या ग्रुप कॅप्टनच्या बरोबरीचा असतो, म्हणजे सेनेतल्या कॅप्टनपेक्षा तीन पायऱ्या वर. सेनेतल्या कॅप्टनच्या बरोबरीचा नौदलात लेफ्टनंट आणि हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट. म्हणून नुसते 'कॅप्टन' न लिहिता 'नौदलातील कॅप्टन' असे दल सांगावेच. विमानाचा कॅप्टन आणि क्रिकेटचा कॅप्टन यांचा तर हुद्द्याशी संबंधच नाही. त्या जबाबदाऱ्या आहेत.

प्रश्न : हवालदार, सुभेदार, नाईक हे शब्द शिवकाळातही आढळतात. तेव्हाचा हवालदार आणि आजचा हवालदार एकच का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : शब्द तेच आहेत, त्यांची पायरी वेगळी. शिवाजी महाराजांच्या घोडदळात २५ बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार असे. ५ हवालदारांवर एक जुमलेदार, १० जुमलेदारांवर एक हजारी, ५ हजाऱ्यांवर एक पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. गुणाकार करून पाहा : जुमलेदाराकडे १२५ स्वार, हजारीकडे १,२५० आणि पंचहजारीकडे ६,२५०. म्हणजे हुद्द्याच्या नावातला आकडा आणि हाताखालची माणसे जुळत नाहीत. नावावरून सैन्याची संख्या काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

गडावरचा हवालदार आणखी वेगळा. तो गडाचा अधिकारी, पण एकटा नव्हे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे गडावर असत आणि तिघांची कामे वाटलेली असत. एकाच माणसाच्या हाती सगळा गड जाऊ नये, म्हणून तिथे एकावर एक अशी उतरंड न लावता शेजारी शेजारी अधिकारी नेमले होते. आमच्या मते शिवकालीन व्यवस्थेतली ही सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. 'हायरार्की'वर लिहिणाऱ्या मराठी लेखकांनी तिच्याकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही.

आजच्या सेनेत लान्स नाईकच्या बाहीवर १ पट्टी, नाईकच्या २, हवालदाराच्या ३. त्यांच्या वर नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. रणगाडा दलात मात्र हवालदाराला दफेदार आणि सुभेदाराला रिसालदार म्हणतात, कारण ती मूळची घोडदळाची नावे.

प्रश्न : मुलाला सीईटीत ९८.५ पर्सेंटाइल मिळाले. रँक काढता येईल का?
— एक पालक, लातूर

उत्तर : अंदाज काढता येतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. त्या सत्रात परीक्षा दिलेल्या दर १०० पैकी किती जणांचे गुण तुमच्या मुलाइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढेच ते सांगते. सत्रात २०,००० मुले असतील आणि त्यांतल्या १९,७०० जणांचे गुण त्याच्याइतके किंवा कमी असतील, तर ९८.५.

आता १०० मधून पर्सेंटाइल वजा करा, राहिलेल्या आकड्याला १०० ने भागा आणि एकूण परीक्षार्थींच्या संख्येने गुणा. ३,००,००० परीक्षार्थी धरले तर १.५ भागिले १०० गुणिले ३,००,००० म्हणजे सुमारे ४,५००. याच हिशेबाने ०.०१ पर्सेंटाइल म्हणजे ३० क्रमांक. म्हणून दशांश चिन्हापुढचे आकडे कधीच सोडू नका.

हा हिशेब दोन ठिकाणी बिघडतो. एक, परीक्षार्थींची संख्या आपल्याच गटाची घ्यायची असते. गणिताचा गट आणि जीवशास्त्राचा गट यांची बेरीज घेतली की क्रमांक फुगतो. दोन, प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत फक्त प्रवेशासाठी अर्ज केलेली मुले असतात, त्यामुळे तिथला क्रमांक या अंदाजापेक्षा वेगळा येतो. गेल्या वर्षीच्या कट-ऑफशी तुलना करताना पर्सेंटाइलची पर्सेंटाइलशी आणि गुणवत्ता क्रमांकाची गुणवत्ता क्रमांकाशीच करावी.

प्रश्न : वर्गात दोघींना सारखेच गुण आहेत आणि दोघी दुसऱ्या आल्या. पुढचा मुलगा तिसरा की चौथा? शिवाय एक्सेलमध्ये रँक काढली तर शेवटच्या मुलाचा पहिला नंबर येतो, हे कसे?
— एक शिक्षिका, चंद्रपूर

उत्तर : गुण ९५, ९२, ९२, ९० असे धरू. स्पर्धेच्या रीतीने क्रमांक १, २, २, ४. ९० गुणांच्या मुलाच्या पुढे तीन जण आहेत, म्हणून तो चौथा. दुसऱ्या रीतीने १, २, २, ३. इथे माणसे न मोजता गुणांच्या पायऱ्या मोजल्या. संख्याशास्त्रात तिसरी रीत वापरतात : १, २.५, २.५, ४. बरोबरीतल्यांना त्यांच्या जागांची सरासरी द्यायची, म्हणजे क्रमांकांची बेरीज १० च राहते. शाळेने यांपैकी कोणतीही रीत घ्यावी, पण निकाल लावण्यापूर्वी ठरवावी. बक्षिसे तीनच असतील आणि पहिली रीत घेतली, तर ९० गुणांच्या मुलाला बक्षीस नाही. दुसरी घेतली तर आहे. निकाल लागल्यावर रीत निवडली तर कोणावर तरी अन्याय होणारच.

एक्सेलमधली गडबड दुसरीच आहे. रँकच्या सूत्रात पहिल्या जागी मुलाचे गुण, दुसऱ्या जागी पूर्ण वर्गाच्या गुणांचा पट्टा, तिसऱ्या जागी ० किंवा १ असते. सूत्र खाली ओढले की पट्टाही एकेक ओळ खाली सरकतो. ४० मुलांच्या वर्गात शेवटच्या मुलापर्यंत पोचेतो पट्ट्यात तो एकटाच उरतो, म्हणून त्याचा नंबर पहिला. पट्टा निवडल्यावर एफ-४ ची कळ दाबावी, डॉलरची खूण लागते आणि पट्टा जागचा हलत नाही. तिसऱ्या जागी ० ठेवले तर जास्त गुणांना पहिला क्रमांक मिळतो. धावण्याच्या शर्यतीत कमी वेळ चांगला, तिथे १ ठेवावा. काही मुलांचे गुण मजकूर म्हणून साठवले गेले असतील तर ते मोजले जात नाहीत आणि बाकीच्यांचे क्रमांक वर सरकतात. असे आकडे रकान्यात सहसा डाव्या कडेला चिकटलेले असतात.

प्रश्न : खेळाच्या पानावर 'अव्वल मानांकित' आणि 'क्रमवारीत अव्वल' हे एकच का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. क्रमवारी म्हणजे रँकिंग. टेनिसमध्ये ती मागच्या ५२ आठवड्यांतल्या गुणांवर ठरते. मानांकन म्हणजे सीडिंग, ते फक्त त्या स्पर्धेपुरते. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात आणि ३२ जणांना मानांकन मिळते. पहिला आणि दुसरा मानांकित यांची गाठ अंतिम फेरीआधी पडू नये, अशी सोडत काढतात. क्रमवारीतला पहिला खेळाडू दुखापतीमुळे खेळत नसेल, तर दुसऱ्याला अव्वल मानांकन मिळते. क्रमवारीत मात्र तो दुसराच राहतो.

बुद्धिबळात 'ग्रँडमास्टर' हा किताब आहे, क्रमवारीतली जागा नव्हे, आणि एकदा मिळाला की गुणांकन घसरले तरी तो टिकतो. एरवी त्यासाठी २,५०० गुणांकन (रेटिंग) आणि तीन 'नॉर्म', म्हणजे स्पर्धांतल्या ठरावीक दर्जाच्या तीन कामगिऱ्या, पूर्ण कराव्या लागतात. नागपूरच्या दिव्या देशमुखला २०२५ चा महिला विश्वचषक जिंकल्यामुळे तो थेट मिळाला.

प्रश्न : एका इंग्रजी लेखात 'रँक स्मेल' असे आले. वासालाही दर्जा असतो का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : हा शब्दच वेगळा आहे, फक्त स्पेलिंग तेच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ताठ, जोमदार असा होता. पुढे माजलेल्या गवताला आणि झुडपांना तो लागू झाला, मग कुजकट उग्र वासाला. 'रँक स्मेल' म्हणजे कुबट, सडका दर्प. 'रँक इनजस्टिस'मध्येही हाच शब्द आहे. तिथे 'धडधडीत अन्याय' लिहावे.