छताची ओल आणि उडालेली झोप

फसवणूक झाली म्हणून माझ्याकडे काउन्सेलिंगला सहसा कोणी येत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात बोलावंसं वाटत नाही असं सांगत येतात. या ताई पण तशाच आल्या. पन्नाशीच्या, ऑफिसात अकाउंट्स बघणाऱ्या, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या बिलातल्या चुका काढणाऱ्या. तिसऱ्या सेशनला एकदम म्हणाल्या, "मॅडम, मी एवढी बावळट कशी निघाले हो?"

झालं असं होतं की बेडरूमच्या छताला ओल आली, त्यांनी वॉटरप्रूफिंग सर्च केलं आणि मग फेसबुक उघडलं की तीच जाहिरात, आधीचं काळपट छत, नंतरचं पांढरंशुभ्र, खाली "ऑफर आज रात्रीपर्यंतच". मेसेज टाकला तर दोन मिनिटांत रिप्लाय, नुसता फोटो बघून कोटेशन, निम्मे पैसे आधी. दोन पोरं आली, अर्धा गिलावा खरवडला आणि म्हणाली आतली सळई गंजलीय, स्लॅब कधीही खाली येईल, मटेरियलचे पैसे आत्ता टाका. ताईंनी टाकले. पोरं मटेरियल आणायला गेली ती गेलीच.

पण झोप उडाली होती ती तिसऱ्यांदा गेलेल्या पैशांमुळे. त्यांनी एका ग्रुपवर तक्रार लिहिली तर कोणीतरी इनबॉक्सला आला, "पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा." तीही भरली, आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, यात बावळटपणा कुठेय? डोक्यावरचं छत पडेल असं सांगितल्यावर कोण कॅल्क्युलेटर काढून बसतं? भीती घालायची, घाई करायची, आणि आधी दिलेले पैसे बुडतील या धास्तीनं माणूस पुढचे देतोच. हे फसवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

मग आम्ही ती जाहिरात सोबत बसून बघितली. फेसबुक पेजच्या माहितीत "पेज ट्रान्सपरन्सी" असतं, त्यात पेज कधी सुरू झालं आणि आधीचं नाव काय होतं ते दिसतं (हे मला माझ्या भाच्यानं शिकवलं, मी काही मोठी एक्स्पर्ट नाही). "बारा वर्षांचा अनुभव" लिहिलेलं पेज दोन महिन्यांचं होतं आणि आधी त्यावर कुर्ते विकायचे! फोटो गूगल लेन्सवर (फोटोवरून सर्च करतं ते) टाकला तर तेच छत आणखी चार पेजेसवर. ताई पहिल्यांदा हसल्या.

"मग जाहिरात बघून कुणाला बोलवायचंच नाही का?" हे मला सगळेच विचारतात. बोलवा की. पण जो जागेवर येऊन पाणी कुठून येतंय ते न शोधता भाव सांगतो त्याला नाही. कोणतं मटेरियल, किती कोट, वॉरंटी कशाची, हे लेखी घ्या, आधी केलेलं एखादं काम प्रत्यक्ष बघा, पैसे काम होईल तसे द्या. स्लॅब पडेल म्हणाला तर दुसऱ्या माणसाला दाखवा. "घरात विचारून उद्या सांगते" एवढंच वाक्य मी ताईंकडून दोन-तीनदा मोठ्यानं म्हणवून घेतलं, कारण ऐन वेळी तेच तोंडातून निघत नाही.

आणि पैसे गेलेच असतील तर ब्लॉक करायच्या आधी चॅटचे स्क्रीनशॉट काढा, त्याच दिवशी बँकेला कळवा, पोलिसात तक्रार द्या. पैसे परत आणायला आधी फी मागणारा हा बहुतेक वेळा दुसरा चोरच असतो, कधी कधी तर पहिलाच.

पुढच्या सेशनला त्या मिस्टरांना घेऊन आल्या, फोन त्यांच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांनी सगळं चॅट वाचलं, बराच वेळ लागला. मग म्हणाले, "तरीच. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय."

नंतर ओळखीचा प्लंबर येऊन बघून गेला. सळई ठणठणीत होती. पाणी वरच्या बाथरूमच्या पाइपच्या जॉइंटमधून येत होतं, छताला काही लावायची गरजच नव्हती.